पडवीवरच्या गजाली आणि मँचेस्टरची पोरं

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. नाताळच्या सुट्टीत मालवण तालुक्यात सासरी चाललोय. मुलगी पंधराची, मुलगा बाराचा. मागच्या खेपेला मुलीच्या शॉर्ट्सवरून चुलत सासूबाई बोलल्या. वर तिच्या फोनवरचा कोरियन गायक बघून ‘गो, ह्यो चेडो हा काय चेडू?’ (हा मुलगा आहे की मुलगी?) म्हणून हसल्या. ती जी खोलीत जाऊन बसली, ती जेवायलाच बाहेर आली. सासरे आणि दीर वेगवेगळ्या पक्षांचे. त्यांच्या वादात आमचे हे उडी घेतात आणि ताटातला भात गार होतो. मुलांना आधीच बजावून ठेवू का, की तिकडे कशावरही मत द्यायचं नाही?

उत्तर : अजिबात बजावू नका. पडवीवर गप्प बसणाऱ्या पोरांना आमच्याकडे कोणी शहाणं म्हणत नाही, शिष्ट म्हणतात. आणि तुमच्या चुलत सासूबाई त्या दिवशी मुलीला गजालीत, म्हणजे गप्पांत, ओढत होत्या. त्यांची पद्धत खरबरीत आहे, हे मान्य. पण ज्याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्याची चेष्टा मालवणी माणूस सहसा करत नाही.

त्या गायकाचं घेऊ. लिपस्टिक लावलेला, कानात डूल घातलेला पोरगा सासूबाईंना नवा आहे, असं मुलीला वाटलं. ते तितकंसं खरं नाही. डिसेंबरात तुम्ही येताय म्हणजे जत्रांचा हंगाम ऐन भरात असणार आणि कुठल्या ना कुठल्या देवळात रात्री दशावतार असणारच. मुलीला घेऊन जा, आणि नाटकाच्या आधी रंगपटात डोकवायला मिळालं तर बघाच. मिशी काढलेला माणूस आरसा समोर धरून स्वतःच स्वतःला रंगवत असतो, दुसरा त्याचं नऊवारीचं टोक धरून उभा असतो, आणि थोड्या वेळाने तोच माणूस राणी होऊन बाकड्यावर असा बसतो की पुढच्या रांगेतल्या बायका त्याच्या बसण्याला दाद देतात. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या स्त्रीपार्टींना सिंधुदुर्गात जो मान आहे तो भल्या भल्या नटांना मिळत नाही. तुमच्या सासूबाई लहानपणापासून हे बघत आल्यात. तेव्हा मुलीला एवढंच वाक्य पाठ करून आणा : ‘आजी, चेडोच हा. तुमच्या दशावतारातली राणी तरी खंय बाईलमाणूस असता?’ पडवी हसेल आणि पुढच्या वेळी सासूबाई स्वतःहून त्या गायकाची चौकशी करतील. दशावतारात संहिता नसते, नट समोरच्याचं वाक्य झेलून तिथल्या तिथे उत्तर देतात. आमच्या गजालींचंही तसंच आहे. टोला आला तर परतवायचा, खोलीत जायचं नाही.

आजीच्या मालिकांना मुलांनी नाक मुरडू नये, हे मात्र सांगा. आकेरीला एका मालिकेचं चित्रीकरण झालं, तो वाडा बघायला अजून गाड्या थांबतात. मालिकेवर बोलायचं तर आधी एक भाग आजीच्या शेजारी बसून बघायचा, मग काय ते बोलायचं.

कपड्यांबद्दल मी सरळ बोलते. मॅक्सीवर टॉवेल टाकून वाण्याकडे जाणाऱ्या आम्ही बायका आणि उघड्या अंगाने पंचा नेसून खळ्यात दात घासणारे आमचे पुरुष, आम्ही कोणाच्या गुडघ्यांवर बोलू नये. तारकर्ली-देवबागला शॉर्ट्स घालू द्या. देवळात, आणि घरी कोणी भेटायला येणार असेल तेव्हा, गुडघे-खांदे झाकलेले असावेत. एक सुती कुर्ता आणि पायजमा पुरतो. पण हा नियम मुलालाही तसाच लावा. तो बर्म्युड्यात जत्रेला निघाला आणि फक्त बहिणीला थांबवलंत, तर ती भांडेल आणि मी तिच्या बाजूने असेन. सासूबाईंशी बोलायचं काम मात्र तुमच्या मिस्टरांचं, तुमचं नव्हे. माणूस त्यांच्या घरचं आहे.

आता राजकारण. सासरे-दीर दोन पक्षांत, याचं एवढं मनावर घेऊ नका. नारायण राणे १९९९ मध्ये शिवसेनेचे मुख्यमंत्री होते, २००५ मध्ये काँग्रेसमध्ये गेले, मग स्वतःचा पक्ष काढला, २०१९ मध्ये भाजपमध्ये आले आणि २०२४ मध्ये इथले खासदार झाले. त्यांचे दोन मुलगे त्याच वर्षी आमदार म्हणून निवडून आले, कणकवलीतून नितेश भाजपचे आणि कुडाळमधून निलेश शिंदेंच्या शिवसेनेचे. मध्ये २०२२ साली शिवसेनाच दुभंगली. या सगळ्यात कोणी नेत्याबरोबर गेलं, कोणी झेंड्याबरोबर राहिलं, आणि चूल बहुतेक ठिकाणी एकच राहिली. हे वाद नुसते पक्षाचे नसतात. कोणाच्या पोराला कोणाच्या शब्दावर नोकरी लागली, वाडीतला रस्ता कोणी केला, हे सगळं त्यात असतं. बाहेरून आलेल्या तुमच्या मिस्टरांना यातलं निम्मं ठाऊक नसतं आणि ते ‘तिकडे आमच्याकडे’ म्हणून सुरुवात करतात. भात गार होणारच.

मिस्टरांना आणि मुलांना सांगा, उत्तरं देऊ नका, विचारा. मालवणातला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं, २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला, २०२५ मध्ये नवा उभा राहिला. तुम्ही बातमी वाचलीत. सासऱ्यांनी तो आपल्या गावात पडलेला पाहिला आणि शिवाजी महाराजांचा पुतळा होता तो. तिथे ‘इंडियात असंच चालतं’ हे वाक्य मुलाच्या तोंडून निघालं तर दोन्ही पक्ष एक होतील, तुमच्या विरुद्ध. ‘आजोबा, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’ एवढं विचारलं तर तासभर ऐकायला मिळेल. आणि अगदीच हातघाईवर आलं तर मुंबई-गोवा हायवेचा विषय काढा. २०११ पासून काम चाललंय. त्यावर सासरे, दीर, शेजारी, चहा घेऊन आलेल्या वहिनी, सगळ्यांचं एकमत आहे.

मिस्टरांना नुसतं बोलून चैन पडत नसेल तर त्यांचा पासपोर्ट बघा. भारतीयच असेल आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर फॉर्म ६अ भरून पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव घालता येतं. मतदानाला मात्र त्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर मत नाही, फक्त मतं. नाव घातलंच तर पुढच्या निवडणुकीचं तिकीट बोटावर शाई लावण्याच्या तारखेला धरून काढा, आणि धाकट्या दिरांना मोटारसायकल घेऊन कुडाळ स्टेशनवर यायला सांगा. ते येतील. कोणाला मत देणार, ते वाटेत विचारतीलच.