ऑफिस सुटतं, पण डोक्यातून काम सुटत नाही. काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की भुसावळहून जळगावला घरी यायला आठ वाजतात, आल्यावरही टार्गेट आणि साहेबांचे फोन डोक्यात फिरतात, घरच्यांवर चिडचिड होते आणि झोप लागत नाही. मी याच जिल्ह्यात बँकेत आहे, कर्ज विभागात. त्यामुळे तुमचं दुखणं चांगलं कळतं.

आधी एक सांगतो. सोफ्यावर दोन तास पडून राहिलात आणि मनात उद्याची मीटिंग चालू असेल, तर त्याला आराम म्हणता येत नाही. झाबिने सोनेन्टाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली कामानंतरचा थकवा कशाने भरून निघतो याच्या चार गोष्टी मांडल्या: मन कामातून सुटणं, निवांतपणा, काही नवं शिकणं-करणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची, असं माझं मत. ज्यांना ताण जास्त त्यांनाच मन सोडवणं जास्त जड जातं, हेही सोनेन्टाग यांनी पुढे दाखवलंय. तेव्हा जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका.

मन सुटत नाही ते बहुतेक वेळा अर्धवट राहिलेल्या कामापायी. म्हणून माझी शेवटची दहा मिनिटं ठरलेली आहेत. पीककर्जाच्या दिवसांत टेबलावर फाइलींचा ढीग असतो. निघण्याआधी वहीच्या एका पानावर लिहितो: ‘अमुक खातेदार, सातबारा आलाय, आठ-अ बाकी, सकाळी फोन.’ ‘तमुक, बोजा नोंदवायचा राहिलाय, तलाठ्याकडे पाठवणे.’ नुसतं ‘फाइल बघणे’ असं लिहून भागत नाही, पुढचं पाऊल लिहावं लागतं. ते लिहिलं की डोक्याला ते धरून ठेवायचं कारण उरत नाही. वही मात्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवायची.

झोपेसाठीही हेच. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारीक, तितका फायदा जास्त. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद करा. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण पाच तास जातात.

संध्याकाळी फिरायला जा, असं सगळेच सांगतात. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि सात वाजताही रस्ता भाजत असतो. त्या दिवसांत मेहरूण तलावावर पहाटेच जा, रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर बसा, मोबाइल खाली ठेवून. हिवाळ्यात भरताचा बेत करा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सालं काढायची, मिरची-लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायची. धूर, चटका, हात भरलेले, अशात फोन बघायला हातच मोकळा नसतो. फक्त ऑफिसची मंडळी बोलावू नका, नाहीतर वांगी भाजेपर्यंत वसुलीच निघते.

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. वरिष्ठांना शांतपणे सांगा की नऊनंतर खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज सकाळी बघेन. बरेच जण ऐकतात. ऐकत नसतील आणि कामच दोन माणसांचं असेल, तर वही आणि गच्ची पुरणार नाही. तिथे बदली किंवा दुसरी नोकरी यांचा विचार करणं रास्तच आहे.

झोपेचा त्रास काही आठवडे तसाच राहिला, छातीत धडधड होऊ लागली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. मार्च एंड उरकू दे मग बघू, असं करू नका.