सगळ्यांना येतं, मलाच येत नाही

“मॅडम, दोन तास लायब्ररीत बसले. एक ओळ लिहून झाली नाही. सगळ्यांना येतं, मलाच येत नाही.”

ती पहिल्या वर्षाला होती आणि शाळेत कायम पुढे असायची. असाइनमेंट होती मोबाइल आणि झोप यावर. (तिच्या परवानगीने लिहितेय; ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

पहिल्या भेटीत मी चुकले. नवं कॉलेज, नवी माणसं, म्हणजे नेहमीचीच धास्ती, असं धरून मी तिला श्वासाचे व्यायाम दिले. आठवड्याने ती परत आली. “श्वास घेतला मॅडम. पुस्तक नाही मिळालं.”

तेव्हा कुठे मी विचारलं, “नेमकं काय केलंस, दाखव बरं.” आणि आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो.

तिने तिथल्या संगणकावर अख्खं शीर्षकच टाइप केलं, ‘मोबाइलच्या अतिवापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर होणारा परिणाम’. निकाल शून्य. गूगल असं वाक्य चालवून घेतं. ग्रंथालयाची सूची मात्र बहुतेक वेळा पुस्तकाचं नाव, लेखक, विषय एवढ्याच नोंदींत शब्द जुळतात का ते बघते. मी म्हटलं, एकच शब्द टाक. ‘झोप’ टाकल्यावर थोडी पुस्तकं आली, ‘निद्रा’ला आणखी, ‘निद्रानाश’ला वेगळीच. ती शब्द वहीत लिहायला लागली आणि तिथेच तिचा चेहरा जरा सैल झाला.

पुढची अडचण मांडणीशी. कागदावर पुस्तकाचा नंबर होता 154.6, आणि ती शोधत होती 154.24 च्या अलीकडे. सहापेक्षा चोवीस मोठे, हा तिचा हिशोब! दशांश चिन्हापुढचे आकडे एकेक करून वाचायचे असतात. दोन आधी, सहा नंतर. गणितात हे तिला पक्कं येत होतं, पुस्तकाच्या पाठीवर ओळखू आलं नाही, इतकंच. ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयावरून पुस्तकांना नंबर द्यायच्या पद्धतीत, झोपेचं मानसशास्त्र 154.6 ला असतं, तर शरीरशास्त्राच्या अंगाने लिहिलेलं पार लांब, 612 मध्ये. एका विषयाची दोन घरं असू शकतात, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

“मग विचारलं का नाहीस?” “त्यांना वाटेल, एवढंही येत नाही.”

खरी गाठ ही होती. अमेरिकेतल्या कॉन्स्टन्स मेलन यांनी 1986 मध्ये सुमारे 6,000 विद्यार्थ्यांचे अनुभव अभ्यासून या भीतीला नाव दिलं, ‘लायब्ररी अँक्झायटी’. बाकीच्यांना जमतं, आपल्यालाच जमत नाही, ही लाजेची गोष्ट आहे, विचारलं तर उघडी पडेल, हेच त्या विद्यार्थ्यांच्या लिहिण्यात दिसलं होतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “सहा हजार?”

विचारायचं कसं, तेही आम्ही घोकलं. ‘झोपेवर काही आहे का?’ असं विचारलं तर समोरचा एका रॅककडे बोट दाखवून मोकळा होतो. ‘मला या विषयावर पाच पानं लिहायचीत, हे शब्द वापरून बघितलेत, हे पुस्तक मिळालंय, आता पुढे कुठे बघू?’ असं विचारलं की ग्रंथपाल खुर्चीतून उठतात. तिच्यासाठी उठल्या. पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची उघडून त्यातून पुढचे लेख कसे गाठायचे, हेही त्यांनीच दाखवलं. मला ते इतकं नीट जमलं नसतं.

सबमिशन एक दिवस उशिरा झालं. श्वासाचे व्यायाम तिने सोडून दिलेत.