अमेरिकेत १९९४ च्या 'असॉल्ट वेपन' बंदीने, म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरच्या बंदीने, बंदुकांचे भाव वाढले का, आणि २००४ मध्ये तिची मुदत का वाढवली नाही?

वाढले, पण टिकले नाहीत. कायद्याची चर्चा सुरू होताच कारखान्यांनी जादा माल काढला आणि १९९४ मध्ये लोकांनी धडाधड खरेदी केली. १३ सप्टेंबर १९९४ ला सही झाली, आणि पुढच्या वर्षभरात रायफलींचे भाव जवळपास मूळ जागी आले. कारण सरळ आहे: आधी बनलेला माल विकायला मोकळीक होती. शिवाय बंदी लक्षणांवर होती. सुटं मॅगझिन (गोळ्यांचा खोका) लागणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलला पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन बसवायचा खुंट, नळीच्या टोकाचा फ्लॅश सप्रेसर (गोळी सुटतानाचा झगमगाट कमी करणारा भाग) अशांपैकी दोन गोष्टी असल्या की बंदी. मग खुंट आणि फ्लॅश सप्रेसर काढला, मूठ तशीच ठेवली, की एआर-१५ या लोकप्रिय रायफलीसारखीच रायफल कायदेशीर. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनही बंद होती, त्यामुळे जुनी मात्र महागच राहिली. त्यांना असा पर्याय नव्हता.

खरी महागाई पाहायची तर मशीनगन पाहा. १९ मे १९८६ नंतरची नवी मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही, म्हणून नोंदणी असलेली जुनी एम-१६ (लष्करी स्वयंचलित रायफल) आज २० हजार डॉलरच्या वर जाते.

नूतनीकरणाचं म्हणाल, तर कायद्यातच दहा वर्षांची मुदत होती. मार्च २००४ मध्ये सिनेटने मुदतवाढीची दुरुस्ती ५२-४७ ने मंजूर केली, पण ती बंदूक उत्पादकांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या विधेयकाला जोडलेली होती. ते अख्खं विधेयकच ९०-८ ने पडलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश सही करू म्हणाले होते, पण काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, जोर लावला नाही. माझ्या मते बंदी तिथेच संपली.