वाचकांचे प्रश्न : सीरियल पोर्टवर हरवलेले शेवटचे दोन बिट

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे बडोद्याहून आली आहेत आणि तिन्हींचा विषय कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील) सीरियल पोर्टचा ड्रायव्हर, म्हणजे तो पोर्ट चालवणारा प्रोग्राम, हाच आहे. पहिल्या पत्रलेखकांनी मोजमापे इतक्या काळजीने दिली आहेत की या सदरातील बहुतेक जागा मी त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात नोकरी करतो. आम्ही विजेच्या मीटरांचे आकडे गोळा करणारा बोर्ड बनवतो. त्यावर लिनक्स चालते, प्रोसेसरला एकच कोअर आहे आणि मीटर आरएस-४८५ च्या तारांवर (ज्यांवर एका वेळी एकानेच बोलायचे असते) मॉडबस आरटीयू या संदेशपद्धतीने बोलतात. सीरियल पोर्टचा ड्रायव्हर चिपबरोबर मिळाला होता. तो कोणी लिहिला हे आता आम्हांला सांगता येत नाही. मीटर ९६०० (बिट प्रति सेकंद) वेगावर ठेवले की एक चमत्कारिक गोष्ट घडत असे. पत्ता १ असलेल्या मीटरकडे शून्यापासून दहा रजिस्टरे (आकड्यांचे क्रमांकित कप्पे) मागितली तर उत्तर येई, पण शून्य क्रमांकाचे एकच रजिस्टर मागितले तर मीटर गप्प बसे. ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमध्ये (चिपने हाक दिली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये), पोर्टचे लॉक (एका वेळी एकालाच पोर्ट हाताळू देणारे कुलूप) घेतलेले असतानाच, ७०० मायक्रोसेकंद थांबण्याची एक ओळ होती. मी ती २ मिलिसेकंद केली आणि ९६०० वरचा त्रास थांबला. परंतु २४०० वर चालणाऱ्या जुन्या मीटरांची आता तीच तक्रार आहे, ११५२०० वर उत्तराची पहिली दोन अक्षरे बिघडतात, आणि दुसऱ्या पोर्टवरचा क्यूआर कोड स्कॅनर, जो आजवर नीट चालत होता, मधली अक्षरे गाळू लागला आहे. जुन्या ड्रायव्हरवर घेतलेला लॉजिक अ‍ॅनालायझरचा आलेख सोबत जोडला आहे. विलंब नेमका किती ठेवावा?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : आपण आलेख पाठवलात, त्यामुळे दोष बोट ठेवून दाखवता येतो. वरच्या रेषेवर जाणारी अक्षरे आहेत आणि खालच्या रेषेवर ट्रान्सीव्हरची (तारांवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या चिपची) दिशा, म्हणजे बोलायचे की ऐकायचे, ठरवणारा संकेत आहे. शेवटच्या बाइटचा स्टार्ट बिट गेला, त्यामागून सहा डेटा बिट गेले, आणि सातवा बिट चालू असतानाच खालची रेषा पडली. म्हणजे शेवटचे दोन बिट तारेवर गेलेच नाहीत. ९६०० वेगावर एका बिटाला १०४ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा ७०० मायक्रोसेकंद आणि हँडलर सुरू होण्याचा थोडा वेळ मिळून रेषा नेमकी तिथेच पडणार.

आता दहा रजिस्टरांची मागणी का चालत होती ते पाहा. ट्रान्सीव्हरने तारा सोडल्या की बायसच्या रोधकांमुळे त्या विश्रांतीच्या स्थितीत जातात आणि समोरचा मीटर ती स्थिती १ म्हणून वाचतो. बाइट खालच्या बिटापासून पाठवला जातो, त्यामुळे हरवलेले दोन बिट हे बाइटाचे सर्वांत वरचे बिट होत. दहा रजिस्टरांच्या मागणीत सीआरसीचा (संदेश शाबूत आहे का ते पडताळण्यासाठी शेवटी जोडलेल्या अंकाचा) शेवटचा बाइट ११००११०१ असा येतो. त्याचे वरचे दोन्ही बिट मुळातच १ असल्याने तुटलेला संदेशही मीटरला शाबूत दिसला. एका रजिस्टरच्या मागणीत तो ००००१०१० असा येतो. वरच्या दोन शून्यांच्या जागी मीटरने १ वाचले, सीआरसी जुळला नाही, आणि सीआरसी न जुळलेल्या संदेशाला मॉडबसमध्ये उत्तर द्यायचे नसते. थोडक्यात, मीटर नियमाप्रमाणे वागत होता, आणि दहा रजिस्टरांची चाचणी केवळ योगायोगाने पार पडत होती.

दोषाचे मूळ ड्रायव्हरने वाचलेल्या एका बिटात आहे. ८२५० घराण्यातील यूआर्टच्या (सीरियल पोर्टच्या चिपच्या) लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये ‘रिकामे’ सांगणारे दोन वेगळे बिट असतात (इथे बिटांचे क्रमांक शून्यापासून मोजले आहेत). पाचवा बिट एवढेच सांगतो की पाठवायची अक्षरे ज्या फिफोत थांबतात तो रिकामा झाला आहे, नवी अक्षरे भरा. सहावा बिट सांगतो की फिफोही रिकामा आहे आणि अक्षर बिटाबिटाने बाहेर ढकलणारे शिफ्ट रजिस्टरही रिकामे आहे. पाचवा बिट १ होतो त्या क्षणी शेवटचे अक्षर नुकतेच शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरलेले असते आणि त्याचा संपूर्ण प्रवास अजून व्हायचा असतो. आपला ड्रायव्हर पाचव्या बिटाच्या इंटरप्टवर दिशा बदलतो, आणि मधला काळ ड्रायव्हर लिहिणाऱ्याने अंदाजाने भरून काढलेला आहे. स्टार्ट, आठ डेटा आणि एक स्टॉप असे दहा बिट धरले तर १९२०० वर एक अक्षर ०.५२ मिलिसेकंदांत जाते, म्हणून तिथे ७०० मायक्रोसेकंद पुरतात. बहुधा चाचणी त्याच वेगावर झाली असावी. ९६०० वर १.०४ मिलिसेकंद लागतात, तिथे ते कमी पडले. २४०० वर ४.१७ लागतात, तिथे आपले २ मिलिसेकंदही कमी पडले.

११५२०० वर बरोबर उलटे होते. तिथे शेवटचे अक्षर ०.०८७ मिलिसेकंदांतच निघून जाते, पण आपण तारा पूर्ण २ मिलिसेकंद धरून ठेवता. १९२०० च्या वरच्या वेगांसाठी मॉडबसच्या नियमांत दोन संदेशांमधली शांतता १.७५ मिलिसेकंद सुचवली आहे. मीटर तेवढा थांबून बोलू लागतो तेव्हा आपण आणखी सुमारे ०.१६ मिलिसेकंद तारा सोडलेल्या नसतात, आणि तेवढ्या वेळात जवळपास दोन अक्षरे जातात. आपली बिघडलेली दोन अक्षरे हीच.

स्कॅनरची तक्रार मला या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती दुसऱ्या पोर्टवरची असल्याने तिचा या दुरुस्तीशी संबंध कोणाच्या लक्षातही आला नसता. हँडलरमध्ये लॉक धरून २ मिलिसेकंद थांबणे म्हणजे एकुलत्या एक कोअरचे कान तेवढा वेळ बंद करणे होय. स्कॅनर ११५२०० वर असेल तर तेवढ्या वेळात तेवीस अक्षरे येतात. १६५५०ए या त्याच घराण्यातील यूआर्टचा, आलेली अक्षरे ठेवणारा फिफो सोळा अक्षरांचा असतो आणि लिनक्सचा नेहमीचा ८२५० ड्रायव्हर त्याला आठ अक्षरे जमली की इंटरप्ट द्यायला सांगतो. म्हणजे इंटरप्ट आल्यापासून उरलेल्या आठ जागा भरायला फक्त ०.६९ मिलिसेकंद मिळतात. त्यापुढची अक्षरे सांडणारच. प्रोक फाइलप्रणालीतील टीटीवायच्या विभागात ‘सीरियल’ नावाची फाइल असते. चिपबरोबर आलेले ड्रायव्हर तिथे आपले वेगळे नाव लावतात. स्कॅन करण्यापूर्वी आणि नंतर तिथला ओव्हररनचा (सांडलेल्या अक्षरांचा) आकडा पाहा. मूळच्या ७०० मायक्रोसेकंदांवर तो स्थिर होता की अधूनमधून वाढत होता, हेही तपासण्यासारखे आहे, कारण ०.६९ आणि ०.७० मध्ये फारसे अंतर नाही.

म्हणून विलंबाचा आकडा बदलत बसू नये, ती ओळच काढून टाकावी. पाचव्या बिटाचा इंटरप्ट आला की हँडलरने उच्च-अचूकतेचा टायमर लावून लगेच बाहेर पडावे. टायमरचा काळ चालू वेगाला एका अक्षराला लागतो तेवढा असावा. अलीकडच्या कर्नलमध्ये सीरियल कोअर (सर्व सीरियल ड्रायव्हरांचा सामाईक भाग) तो नॅनोसेकंदांत काढून पोर्टच्या रचनेत ठेवतो, जुन्या कर्नलवर आपल्याला सेट-टर्मिऑसमध्ये (वेग ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) तो स्वतः काढावा लागेल. टायमर वाजला की लॉक घेऊन सहावा बिट वाचावा. तो १ असेल तर दिशा बदलावी, नसेल तर टायमर पुन्हा थोड्या काळासाठी लावावा. मधल्या वेळात नवी अक्षरे पाठवायला आली असतील तर टायमर रद्द करून दिशा तशीच ठेवावी, हा बारकावा विसरू नका. सहाव्या बिटासाठी साध्या १६५५०ए मध्ये वेगळा इंटरप्ट नसतो, म्हणूनच एवढा खटाटोप करावा लागतो. मुख्य कर्नलच्या ८२५० ड्रायव्हरमध्ये आरएस-४८५ ची सोय आता आहे. आपली चिप त्याच घराण्यातली असेल तर हा परका ड्रायव्हर सोडून तिकडे वळणे हाच माझा पहिला सल्ला राहील.

आणखी एक जागा तपासा. पाठवणे पूर्ण झाले का हे सीरियल कोअर ड्रायव्हरला एका फंक्शनद्वारे विचारतो. ज्याने दिशा बदलताना पाचव्या बिटावर विश्वास ठेवला, त्याने तिथेही तेच केले असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर पोर्ट बंद करताना किंवा वेग बदलतानाही शेवटचे अक्षर तुटेल.

मी स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे असाच विलंब वाढवून काम झाले असे समजून घरी आलो होतो. त्यांनी पुढे कमी वेगाचे मीटर जोडले आणि चूक सापडेपर्यंत त्यांच्या वीजवापराच्या नोंदी कित्येक दिवस रिकाम्या राहिल्या. म्हणून विनंती करतो की, पॅच (ड्रायव्हरमधील बदल) तयार कराल तेव्हा त्याच्या वर्णनात सीआरसीचे हे दोन बाइट आणि हा आलेख काय दाखवतो ते शब्दांत जरूर लिहा. ती थांबण्याची ओळ पुन्हा टाकण्याचा मोह ज्याला होईल, त्याच्यासाठी ते राहू द्या.

प्रश्न : मी कलाभवनात अभियांत्रिकी शिकते. सीरियल ड्रायव्हरमधील दोष शोधण्यासाठी इंटरप्ट हँडलरमध्ये प्रिंटकेची (कर्नलमधून संदेश छापणाऱ्या फंक्शनची) एक ओळ टाकली की संपूर्ण यंत्र गोठते. ओळ काढली की चालते. माझे काय चुकते आहे?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपला कन्सोल (कर्नलचे संदेश जिथे छापले जातात तो) त्याच पोर्टवर आहे, असे मी धरून चालतो. हँडलरने पोर्टचे लॉक घेतले आहे. प्रिंटके मजकूर कन्सोलकडे देते, आणि कन्सोलचे लिहिणारे फंक्शन तेच लॉक मागते. ते लॉक ज्याच्याजवळ आहे तो हँडलर प्रिंटके परत येण्याची वाट पाहत आहे. दोघेही एकमेकांसाठी थांबतात आणि त्यातून सुटका नाही.

त्या जागी ट्रेस-प्रिंटके वापरा. ते मजकूर स्मृतीतील रिंग बफरमध्ये ठेवते, पोर्टला हातही लावत नाही, आणि आपण तो नंतर सवडीने वाचू शकता. दुसरा लाभ असा की, ११५२०० वर ऐंशी अक्षरांची एक ओळ छापायला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. ज्या दोषाचा जीव काही मायक्रोसेकंदांचा आहे तो एवढ्या वेळात नाहीसा होतो किंवा त्याचे रूप बदलते. कर्नल बांधताना लॉकडेप चालू ठेवण्याची सवयही आताच लावून घ्या. लॉकांचा चुकीचा क्रम प्रत्यक्ष गोठण्यापूर्वीच तो दाखवून देतो. मात्र त्याचा इशारा वाचता यावा म्हणून कन्सोल दुसऱ्या पोर्टवर किंवा नेटवर्कवर हलवा.

प्रश्न : आमच्या बोर्डावर ‘या इंटरप्टसाठी फार काम’ अशा अर्थाचा संदेश ८२५० ड्रायव्हरकडून सतत येतो आणि प्रोसेसर पूर्ण व्यस्त होतो. पोर्टवर त्या वेळी काहीही येत नसते. चिप डिझाइनवेअर या तयार रचनेच्या यूआर्टची आहे.
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : इंटरप्ट ओळख रजिस्टरमध्ये त्या वेळी कोणते कारण दिसते ते आधी पाहा. ते ‘अक्षर येऊन बराच वेळ झाला’ हे, म्हणजे रिसीव्ह टाइमआउटचे असेल आणि तरीही लाइन स्टेटसमध्ये डेटा आल्याचा बिट शून्य असेल, तर या यूआर्टची ती माहीत असलेली खोड आहे. हा इंटरप्ट अक्षर वाचल्यानेच मिटतो, पण वाचायला अक्षर नसल्यामुळे ड्रायव्हर वाचत नाही आणि तोच इंटरप्ट पुन्हा उभा राहतो. मुख्य कर्नलमधील डिझाइनवेअरच्या ड्रायव्हरमध्ये यावर उपाय आहे. आपला कर्नल जुना असेल तर तेवढाच बदल मागे आणता येतो. लॉक घेऊन लाइन स्टेटस वाचायचे आणि डेटा व ब्रेक (तार बराच वेळ ० वर राहिल्याची खूण) हे दोन्ही बिट शून्य असतील तरच रिसीव्ह रजिस्टर एकदा वाचून मिळालेले मूल्य टाकून द्यायचे. ही अट गाळून सरसकट वाचन करू नका, कारण नेमके त्याच क्षणी खरे अक्षर आले तर तेही फेकले जाईल.