चेंडू कुठे पडतोय ते बघ

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग एक दिवस तसंच ठेवलं, कारण घाईघाईत काही लिहून द्यावं असं ते पत्र नाही.

गोल्फची एवढी मोठी स्पर्धा जिंकलीस, आणि आता "सर, माझा स्विंग हरवला," म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारण्याची लयच गेली, असं तू लिहिलंयस. त्या वाक्यापाशी मी अडलो. गेल्या महिन्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानात, मी तुझ्या मागे अर्धा तास उभा होतो. तुझं लक्ष नव्हतं, मीही हाक मारली नाही. तू सात नंबरच्या आयर्नने, मधल्या अंतराच्या क्लबने, चेंडू मारत होतीस. फटका पुरता संपायच्या आत वळायचीस, स्टँडवरचा मोबाइल काढायचीस, व्हिडिओ मागेपुढे करून मनगटाचा कोन बघायचीस आणि मोबाइल परत जागेवर लावायचीस. मी मोजत होतो. चाळीस चेंडू झाले. त्यांतले बरेचसे एकाच पाटीच्या आसपास, हातभर कपडा अंथरावा तसे जवळजवळ पडले होते. त्यांतला एकही पडताना तू पाहिला नाहीस.

हरवलेला स्विंग असा दिसत नाही गं. तुझी नजर चेंडूवरून उठून स्वतःवर जाऊन बसली आहे. हे दुखणं वेगळं आहे आणि त्याचं औषधही वेगळं.

तू जिंकलीस ती स्पर्धा मेजर, म्हणजे जगातल्या मोजक्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, नव्हती, पण तुझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी होती. म्हणून मेजर जिंकून मग कोसळलेल्या माणसांच्या गोष्टी तुला सांगतो. इयन बेकर-फिंच हे नाव तू टीव्हीवरचा समालोचक म्हणून ऐकलं असशील. 1991 साली रॉयल बर्कडेलला त्याने ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन, जिंकली. शेवटच्या दिवशी पहिले नऊ होल 29 फटक्यांत, अठरा होलचा पूर्ण राउंड 66 फटक्यांत. तो फार लांब मारणारा नव्हता. त्याचा जीव होता ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या, आसपासच्या खेळात आणि पटिंगमध्ये, तिथून चेंडू होलमध्ये ढकलण्यात. पण जिंकल्यावर त्याला वाटायला लागलं, की आता आपण चॅम्पियन, तेव्हा चेंडू आणखी लांब जायला हवा. त्याने स्विंग बदलायला घेतला. मग त्या बदलात झालेली चूक सुधारायला आणखी एक बदल, आणि त्यावर आणखी एक.

1995 च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला तो पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवर, उभा राहिला. पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, तिथे एकच आहे, शंभर यार्डांहून रुंद. एवढी मोकळी जागा गोल्फमध्ये सहसा कुठे मिळत नाही. शेजारी गोल्फमधला दिग्गज आर्नल्ड पामर, त्याची ती शेवटची ओपन, त्यामुळे बघायला गर्दी लोटलेली. बेकर-फिंचचा चेंडू डावीकडे वळला, तो अख्खा रुंद फेअरवे ओलांडून हद्दीबाहेर गेला. 1995 आणि 1996 या दोन वर्षांत तो पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या 29 स्पर्धांत उतरला. प्रत्येक वेळी कट चुकला, म्हणजे निम्म्या स्पर्धेनंतर पुढे जाता आलं नाही, नाहीतर त्याने माघार घेतली, नाहीतर तो बाद ठरला. 1997 च्या ओपनमध्ये रॉयल ट्रूनला पहिल्या दिवशी त्याचे 92 फटके झाले. त्यानंतर त्याने नियमित स्पर्धा सोडल्या.

या गोष्टीतला एकच तपशील मी तुझ्यासाठी जपून ठेवला आहे. रेंजवर तो शेवटपर्यंत सुरेख चेंडू मारत असे. हात शाबूत होते, शरीर शाबूत होतं. पहिल्या टीवर गेलं की सगळं विस्कटायचं.

असं का होतं? मानसशास्त्रज्ञ सिअन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कसलेल्या गोल्फपटूंना दोन प्रकारे पट करायला लावलं. एकदा स्वतःच्या फटक्याकडे बारीक लक्ष ठेवून, आणि एकदा कानावर पडणारे वेगवेगळे आवाज ऐकत, म्हणजे लक्ष दुसरीकडे ठेवून. लक्ष दुसरीकडे असताना त्यांचं पटिंग जास्त चांगलं झालं. त्याच अभ्यासात फुटबॉल पायाने खेळवत नेणाऱ्या नवशिक्यांचं उलटं झालं, त्यांना आपल्या पायाकडे लक्ष देण्याचा फायदा झाला. तू नवशिकी नाहीस. तुझ्या हातात मुरलेली गोष्ट तू रोज चाळीस वेळा सुटी करून बघतेस, आणि मग ती परत नीट जुळत नाही म्हणून घाबरतेस.

यात माझाही एक गुन्हा आहे, तो तुला कधी सांगितला नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. राज्य पातळीवरची मोठी स्पर्धा जिंकून आला, आणि पुढच्याच सोमवारी मी त्याची ग्रिप, क्लब धरण्याची पकड, बदलायला घेतली. वरच्या दर्जाला ही ग्रिप टिकणार नाही, असं मला वाटलं होतं. कदाचित ते बरोबरही असेल. पण त्या पोराला नुकतंच, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या हातांवर विश्वास बसला होता आणि मी येऊन म्हणालो, हे हात चुकीचे आहेत. दोन वर्षांत त्याने गोल्फ सोडलं. तेव्हापासून जिंकलेल्या खेळाडूच्या ग्रिपला मी वर्षभर हात लावत नाही.

म्हणजे बदल करूच नये, असं मी म्हणत नाही. मार्टिन केमरने 2010 ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि 2011 मध्ये तो जगात पहिला झाला. पण मास्टर्समध्ये त्याचा सलग चार वर्षं कट चुकला होता. त्याचा चेंडू स्वभावतः डावीकडून उजवीकडे जाणारा, आणि मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाला उजवीकडून डावीकडे वळणारा फटका लागतो म्हणून त्याने तो शिकायला घेतला. पहिला क्रमांक गेला, पुढे तो पहिल्या पन्नासातूनही बाहेर गेला. मग 2014 मध्ये पाइनहर्स्टला त्याने यूएस ओपनचे पहिले दोन राउंड 65 आणि 65 असे खेळून स्पर्धा आठ फटक्यांनी जिंकली. त्याची मेहनत वाया गेली नाही. पण तिची किंमत तीन वर्षं होती, आणि आपण काय बदलतोय, कशासाठी बदलतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तू मला सांग, तू काय बदलतेयस? पत्रात तू तीन प्रशिक्षकांची नावं लिहिली आहेस, लांब फटक्याचे दोन ड्रायव्हर क्लब लिहिले आहेत आणि पटिंगचा एक नवा पटर. कारण मात्र एकही लिहिलेलं नाही.

आता जरा हिशोब करू. ड्रायव्हरचा चेंडूला होणारा स्पर्श साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. चेंडू एका अंशाने चुकीच्या दिशेला निघाला, तर अडीचशे यार्डांवर तो चार-साडेचार यार्ड बाजूला पडतो. फेअरवेच्या कडेला तेवढ्याने गवत बदलतं, गवताने फटका बदलतो, फटक्याने स्कोअर बदलतो. राउंडमागे एक फटका जास्त झाला तर चार दिवसांत चार होतात, आणि चार फटक्यांत माणूस गुणफलकाच्या पहिल्या पानावरून बराच खाली घसरतो. खेळ एवढासाच हलला तरी निकाल केवढा हलतो, हे कागदावर मांडून बघ. तू निकालाच्या आकारावरून बिघाडाचा आकार ठरवलास. चूक तिथेच झाली.

आणि जिंकलीस तो आठवडा! मला तो आठवतो, मी प्रत्येक राउंड पाहिला. शेवटच्या दिवशी तुझे सहा-आठ फुटांचे सगळे पट पडले. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या आकडेवारीवरून दाखवलंय, की आठ फुटांवरून तिथले खेळाडूसुद्धा जेमतेम निम्मे पट होल करतात. तो आठवडा तुझा होता, तू तो कमावलास, त्यात कुणाचे उपकार नाहीत. पण त्याच आठवड्याला तू तुझं नेहमीचं माप समजून बसलीस, आणि नंतरचा प्रत्येक साधा आठवडा तुला अपयश वाटायला लागला.

पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंयस, की कंबर सकाळी धरते. ही ओळ शेवटी का आली? ती पहिली यायला हवी होती. डेव्हिड डुवालचं उदाहरण घे. 1999 च्या जानेवारीत एका स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी तो 59 खेळला, त्याच वर्षी जगात पहिला झाला, 2001 मध्ये रॉयल लिदमला ओपन जिंकला. त्यानंतर पीजीए टूरवर तो पुन्हा जिंकलाच नाही. ओपननंतर आलेल्या रितेपणाबद्दल त्याने स्वतः सांगितलंय, आणि लोकांना तेवढंच लक्षात राहतं. पण त्याची पाठ, खांदा, मनगट, सगळंच दुखावलेलं होतं. दुखणाऱ्या पाठीला सांभाळत शरीर फटका नकळत बदलतं, आणि आपण दोष मनाला देतो. तेव्हा आधी डॉक्टरकडे जा. तपासणी होईपर्यंत ड्रायव्हरला हात लावायचा नाही. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

डुवालचं पुढचंही सांगतो. 2009 मध्ये बेथपेजला यूएस ओपन होती. तो तेव्हा जगात 882 वा, पात्रता फेरीतून आलेला. दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत आला, विजेत्यापेक्षा दोन फटके मागे. आठ वर्षांनी! तो फॉर्म टिकला नाही, हेही खरं. मी तुला खोटी आशा लावणार नाही. काही जण परत येत नाहीत, आणि त्यांनी मेहनत कमी केलेली नसते.

जॉर्डन स्पीथ परत आला. 2017 ची ओपन त्याने त्याच रॉयल बर्कडेलला जिंकली. तेराव्या होलवर त्याचा ड्राइव्ह इतका उजवीकडे गेला, की नियमाप्रमाणे चेंडू प्रॅक्टिस रेंजवर ड्रॉप करून तिथून खेळावा लागला. वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला. बोगी झाली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त, आणि आघाडी गेली. त्यानंतर बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक, दोन, एक, एक फटका कमी. असा खंबीर माणूस पुढे 1351 दिवस एकही स्पर्धा जिंकला नाही, क्रमवारीत 92 पर्यंत घसरला, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये टेक्सास ओपन जिंकला. मधल्या काळात तो खेळत राहिला, सगळ्यांसमोर वाईट खेळत राहिला. मला त्याच्या तीन मेजरपेक्षा या दिवसांचं जास्त अप्रूप वाटतं.

सत्कार आणि जाहिरातींची चित्रीकरणं दोन महिने बंद कर. कोण रागावलं तर माझं नाव सांग.

शनिवारी सकाळी सातला ये. गेल्या वीस राउंडची स्कोअरकार्डं घेऊन ये, वाईट राउंडची आधी. कुठले फटके वाया जातायत ते टीपासून पटपर्यंत वेगवेगळं लिहून काढू. माझा अंदाज आहे की ग्रीनकडे येणाऱ्या मधल्या अंतराच्या फटक्यांत काहीतरी सापडेल, पण कार्डं बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. कंबर बरी असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर मग चाळीस चेंडू मारू, सात नंबरनेच. मोबाइल गाडीत ठेवायचा. प्रत्येक चेंडू कुठे पडला ते तू मोठ्याने सांगायचं, मी वहीत लिहीन.

तुझा,
सर