गरिबीमुळे यादवी होते हे आकड्यांवरून कळतं का?

तुम्ही विचारलंय की गरीब देशांत यादवी जास्त होते हे तर दिसतंच, पण गरिबीमुळे बंदुका निघतात की बंदुका निघाल्या म्हणून गरिबी येते हे ठरवायचं कसं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न आला की दरवेळी एकच पेपर, म्हणजे शोधनिबंध, काढते, एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ आणि अर्नेस्ट सर्जेंटी या संशोधकांचा २००४ चा.

आधी अडचण बघा. लढाई पेटली की शेतं ओस पडतात, बाजार बंद होतात, लोक गाव सोडून जातात, म्हणजे उत्पन्न पडणारच. आणि सरकारच धड नसेल तर त्या एकाच कारणाने गरिबी पण येते आणि बंड पण होतं. मग नुसतं उत्पन्न आणि लढाई समोरासमोर ठेवून रिग्रेशन, म्हणजे एकाबरोबर दुसरं किती बदलतं ते काढायचं गणित, चालवलं तर आकडा येतो, पण तो नेमकं काय सांगतोय ते कळत नाही.

मिगेल आणि सोबत्यांनी मग पाऊस धरला. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला बहुतेक शेती पावसावर, सिंचन अगदी कमी, त्यामुळे पाऊस गेला की अख्ख्या देशाची कमाई खाली येते, आणि बंडखोर कितीही जोरात असले तरी पाऊस त्यांच्या हातात नाही. म्हणून उत्पन्नातला फक्त पावसामुळे झालेला चढउतार वेगळा काढायचा आणि तेवढ्याने लढाई वाढते का ते बघायचं, याला इन्स्ट्रुमेंट म्हणतात. ४१ देश घेतले, १९८१ ते १९९९ ची वर्षं, आणि वर्षभरात लढाईत किमान २५ माणसं मेली तर तिथे संघर्ष आहे असं धरलं. विकासदर ५ टक्क्यांनी खाली आला, म्हणजे समजा ४ चा उणे १ झाला, तर पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता दीडपटीहून जास्त होते असं निघालं.

मला स्वतःला मिगेलचं टांझानियातल्या मेआतू जिल्ह्यातलं काम मनाला जास्त लागतं. तिथे ज्या वर्षी पाऊस फारच कमी किंवा फारच जास्त झाला त्या वर्षी चेटकीण ठरवून केलेल्या हत्या साधारण दुप्पट, आणि बाकीच्या खुनांत तसा फरक नाही. मेलेल्या बहुतेक म्हाताऱ्या बायका, आणि मारणारे कितीदा तरी घरातलेच. अंधश्रद्धा दरवर्षी तेवढीच असते, पीक बुडाल्यावर घरातलं कुणाचं तोंड कमी करायचं हा हिशोब मात्र त्या वर्षीच होतो. हे शिकवताना दरवेळी मला मध्ये थांबावं लागतं.

आता आकड्यावर किती विश्वास ठेवायचा. अँटोनियो सिक्कोने याने २०११ मध्ये तोच डेटा परत तपासला. मूळ पेपरमध्ये पाऊस किती पडला यापेक्षा गेल्या वर्षीच्या मानाने किती वाढला-घटला हे घेतलं होतं. समजा गेल्या वर्षी धो धो ९०० मिमी पडला आणि यंदा सरासरीइतका ६००, तर हिशोबात मोठी घट दिसते, पण दुष्काळ कुठे आहे? पावसाची पातळीच घेतली तर तो निष्कर्ष टिकत नाही असं त्याचं म्हणणं, मिगेल आणि सत्यनाथ यांनी त्याला उत्तर पण दिलं. माझ्या मते सिक्कोनेचा हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून मूळ आकडा भाषणात फेकणारे लोक चुकतात.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. हेदर सारसन्स हिने २०१५ मध्ये भारतातले जिल्हे घेतले, धरणाच्या खालच्या बाजूचे एकीकडे आणि बाकीचे एकीकडे. धरणाखाली पाणी मिळतं, म्हणून पाऊस कमी झाला तरी उत्पन्न फारसं हलत नाही, मग दंगली पण हलायला नकोत ना, पण तिथेही पाऊस आणि दंगली यांचं नातं तसंच निघालं! म्हणजे पाऊस उत्पन्न सोडून दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने पण काम करतो, आणि इन्स्ट्रुमेंटची सगळी इमारत तर एकच वाट आहे या गृहीतावर उभी असते. ऊसवाला कालव्याचा पट्टा आणि त्याच्या शेजारचा कोरडवाहू तालुका ज्याने बघितलाय त्याला ही तुलना लगेच कळेल.

मग सगळं व्यर्थ का? मला तसं वाटत नाही. गरिबी आणि लढाई यांचा संबंध आहे यावर माझा विश्वास आहे, फक्त तो एका पेपरच्या एका आकड्यावर नाही. थिमो फेत्सर याने प्रश्न उलटा केला, कमी पावसाच्या वर्षी लोकांना मजुरी मिळाली तर काय होतं? भारतात २००६ पासून रोजगार हमी जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने आली, त्याआधी मान्सून कमी झाला की हिंसाचार वाढायचा, योजना आल्यावर हे नातं जवळपास नाहीसं झालं, नक्षलग्रस्त भागात सुद्धा.

आणि या देशभरच्या योजनेचं मूळ आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीत, ती वाढली १९७२ च्या दुष्काळात, राज्याचा कायदा १९७७ चा. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची, लहान पोरांना तिथे सुकडी मिळायची, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या. तिला रोजगार हमी हा शब्द कधीच जमला नाही, ती शेवटपर्यंत दुष्काळी कामच म्हणायची, आणि त्या वर्षी गावातलं कोण कोण कामावर होतं ते तिला नावानिशी पाठ होतं.