आधी शोपाँ ऐकव

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

कार्यक्रमात पियानोवर एकट्यानं शास्त्रीय रचना घेऊन त्यांचा जॅझच्या अंगानं विस्तार करायचं तू ठरवलंयस, त्याचं पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पहिल्यांदा रात्री ऐकलं तेव्हा बाहेर पाऊस धरलेला होता आणि तुझे वरचे सूर त्यात बुडून गेले. म्हणून सकाळी कानाला हेडफोन लावून पुन्हा बसलो.

शोपाँ या संगीतकाराचं ई मायनर प्रिल्यूड, ही पियानोची छोटीशी रचना निवडलीस, ते फार आवडलं. पण नऊ मिनिटांतली साडेसात मिनिटं तू त्या रचनेत नव्हतासच. उजवा हात सारखा धावत होता आणि डावा हात त्याला जागा करून देत होता. या प्रिल्यूडमध्ये नेमकं उलटं आहे रे. उजवा हात जवळजवळ काहीच करत नाही. एका सुरावर रेंगाळतो, शेजारच्या सुराला शिवतो, परत येतो. घडतं ते सगळं डाव्या हातात. कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला, आधी एक सूर अर्ध्या पायरीनं खाली उतरतो, मग दुसरा, मग तिसरा. सगळे एकदम उतरत नाहीत, म्हणून आपण कुठं पोचलो हे कळायच्या आत जमीन सरकलेली असते. अवघे २५ बार, म्हणजे तालाचे २५ खंड. १८४९ मध्ये खुद्द शोपाँच्या अंत्यविधीला हीच रचना ऑर्गनवर वाजवली होती.

चौथ्या मिनिटाला तू उजवा हात उचललास आणि फक्त डावा खाली उतरत राहिला, आठवतं? तिथं मी ताठ बसलो. तेवढं खरं तुझं होतं.

म्हणून सांगतो, चाल सोडली तरी चालेल, पाया सोडू नकोस. बाख या जर्मन संगीतकाराची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १७४१ मध्ये छापली गेली. त्यातल्या ३० व्हेरिएशन्समध्ये, म्हणजे एकाच रचनेच्या ३० बदललेल्या रूपांमध्ये, बाखनं सुरुवातीच्या एरियाची, म्हणजे मूळ गीताची, चाल जवळपास बाजूलाच ठेवलीय. धरून ठेवली ती बेसची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची, वाट. जॅझवाले हेच करतात, चाल संपली की तिच्याखालच्या कॉर्डवर नवी चाल बांधतात. त्यामुळं शास्त्रीय रचनेला हात लावू नये असं कुणी म्हणालं तर मन खट्टू करून घेऊ नकोस. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजानं एक धून पुढं केली आणि बाखनं तिच्यावर तिथल्या तिथं फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांत गुंफत नेणारी रचना, वाजवून दाखवला.

आता मुख्य गोष्ट. तू वाजवणार बेळगावात. इथला श्रोता कच्चा नाही. जवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, विजापुरे मास्तरांची पेटी याच गावानं ऐकली. इथं मराठी नाट्यपदानंतर त्याच पेटीवर कन्नड वचन सुरू झालं तर कुणी जागचं हलत नाही. गवयानं मुखडा कुठं सोडला आणि समेवर कसा आला, हे मागच्या रांगेतल्या माणसालाही कळतं, कारण बंदिश त्याच्या कानात असते. शोपाँ मात्र त्याच्या कानात नाही. तू पहिल्या मिनिटापासून विस्तार सुरू केलास तर तो कशाचा विस्तार आहे, हे त्याला कळायचं कसं?

हे मी स्वतः भोगलंय. तिशीत असताना एका सभागृहात बाख घेतला आणि थेट माझ्या कल्पनांपासून सुरुवात केली. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क बाई जवळ आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, 'हात छान चालतो हो तुमचा, पण मूळ गाणं कुठलं होतं?' त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हा आधी प्रिल्यूड जसंच्या तसं वाजव. दोन मिनिटं लागतात. एकही सूर जास्तीचा नको. शेवटच्या तीन कॉर्डआधी जो विराम आहे, तो पुरता पाळ. मग स्वतःचं सुरू कर. जॅझ पियानोवादक आर्ट टेटमनं १९४० मध्ये द्व्होर्झाक या संगीतकाराची ह्यूमोरेस्क ही रचना ध्वनिमुद्रित केली, ती ऐक. आधी ओळखीची चाल मोकळ्या लयीत येते, मग डावा हात स्ट्राइडवर जातो, म्हणजे चार मात्रांतल्या एक-तीनला बेस, दोन-चारला कॉर्ड. डॅन टेपफर या पियानोवादकानं २०११ मध्ये गोल्डबर्गचं प्रत्येक व्हेरिएशन आधी वाजवलं आणि मग त्यावर स्वतःचं बांधलं. जॅझ पियानोवादक ब्रॅड मेहल्डाऊच्या २०१८ च्या अल्बममध्येही बाखची मूळ रचना आणि तिच्यावरून सुचलेलं त्याचं स्वतःचं शेजारी शेजारी आहे.

रियाजाचं सांगतो. आठवडाभर उजवा हात मांडीवर ठेव. डाव्या हातानं कॉर्ड वाजव आणि चाल तोंडानं गा. सूर लांबवणारं पायाखालचं पेडल अजिबात नको. तुझ्या वाजवण्यातले निम्मे दोष पेडलखाली झाकलेले आहेत. मग तेच बाराही सुरांवरून कर. साथीला ना बेस, ना ड्रम, ना तबला, म्हणजे लय सांभाळणारं दुसरं कुणी नाही. डावा हात डगमगला की सगळी मैफल डगमगते.

तासाभरात चार रचना पुरेत. तुझ्या कार्यक्रमाच्या यादीतल्या दहा बघून छातीत धस्स झालं.

सभागृहाचा पियानो आठ दिवस आधी जाऊन बघून ये. श्रावणात लाकूड सादळतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. ट्यूनर आला तर उत्तमच. नाही आला तर कुठले सूर अडकतात ते लिहून घे आणि ते टाळून बांधणी कर. २४ जानेवारी १९७५ ला जर्मनीतल्या कोलोनमध्ये जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या वाट्याला असाच खराब पियानो आला होता. वरचे सूर पातळ लागत होते, म्हणून तो मधल्या पट्टीत राहिला आणि डाव्या हाताच्या आवर्तनांवर सगळं उभं केलं.

रविवारी सकाळी नऊला ये. चहा होईल. फक्त डावा हात ऐकणार आहे.

तुझा,
सर